गाढवं, होड्या आणि मधपेट्या

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या फायूमच्या मधपाळांनी झेनॉन नावाच्या कारभाऱ्याला एक अर्ज लिहिला. पपायरसवरचा तो मजकूर आजही वाचता येतो. त्यांची गाढवं 10 दिवसांच्या कामाला म्हणून नेली, ती 18 दिवस झाले तरी परत आली नव्हती. पोळी रानात अडकलेली. शेतकरी बजावत होते, की आम्ही आता पाणी सोडणार, झुडपं जाळणार, तुमची पोळी हलवा. ती गेली तर राजाचा कर कुठून भरायचा? पोळी हलवण्याच्या रिवाजाचा इतका जिवंत दस्तऐवज मला दुसरा ठाऊक नाही.

एका शिवारातला फुलोरा काही आठवडेच टिकतो, आणि मधमाशी सहसा दोन-तीन किलोमीटरच्या टापूतच चरते. पुढच्या फुलोऱ्यापर्यंत तिला माणसानंच न्यायचं.

पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं पो नदीकाठच्या होस्टिलिया गावाची रीत नोंदवली. चारा सरला की गावकरी पोळी होड्यांवर ठेवून रात्रीतून पाच मैल वर नेत. सकाळी माश्या चरून होडीवरच परतत. मधाच्या भारानं होड्या पाण्यात खोल बसल्या, की परतायचं. रात्र अशासाठी, की तेव्हा सगळ्या माश्या घरात असतात. आणि रोमन पाच मैल म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर. माशी घराची जागा भोवतालच्या खुणांवरून ओळखते. पेटी अर्धा किलोमीटर सरकवली, तर ती जुन्याच जागी परतते आणि तिथंच घिरट्या घालत राहते. म्हणून आजही मधपाळ पेटी एक तर हातभर सरकवतात, नाहीतर पाच किलोमीटरपलीकडे नेतात. त्या नावाड्यांना हे अनुभवानं उमगलं असावं, असं मला वाटतं.

1851मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या मधपाळांना माश्या पोळ्यात मोकळी ठेवतात त्या सहा ते नऊ मिलिमीटर फटीचं मर्म कळलं. त्यातून सुट्या चौकटींची, एकावर एक रचता येणारी पेटी आली. 1907च्या सुमारास यूटा राज्यातले मधपाळ नेफाय मिलर यांनी अशा पेट्या हिवाळ्यात रेल्वेनं कॅलिफोर्नियात नेल्या. आता दर फेब्रुवारीत देशातल्या निम्म्याहून अधिक वसाहती तिथल्या बदामबागांत ट्रकनं येतात. परागीभवनासाठी बागायतदार भाडं मोजतो. मध दुय्यम ठरला आहे.

आपल्याकडे कांदा बियाण्याच्या आणि सूर्यफुलाच्या शेतांत येणाऱ्या पेट्या बहुधा मेलिफेरा या परदेशी माशीच्या असतात. सह्याद्रीतली सातेरी माशी अशी धावपळ फारशी सोसत नाही. चारा तुटला, की ती स्वतःच पेटी सोडून उठून जाते.