एच.एम.एस. ऑडॅसिटी

एच.एम.एस. ऑडॅसिटी ही ब्रिटनच्या शाही आरमाराची पहिली एस्कॉर्ट कॅरियर, म्हणजेच व्यापारी जहाजांच्या ताफ्याला संरक्षण देणारी लहान विमानवाहू नौका होय. मूळच्या या जर्मन मालवाहू जहाजाची युद्धसेवा जेमतेम सहा महिने टिकली. तथापि त्या अल्पकाळात नौकेच्या या प्रकाराची उपयुक्तता सिद्ध झाली.

पूर्वेतिहास

नॉर्डडॉयचर लॉइड या कंपनीसाठी १९३९ मध्ये बांधलेल्या या जहाजाचे मूळ नाव 'हानोफर' असे होते. ते प्रामुख्याने केळ्यांच्या वाहतुकीसाठी होते. मार्च १९४० मध्ये कॅरिबियन समुद्रात ब्रिटिश व कॅनेडियन युद्धनौकांनी त्यास गाठले. खलाशांनी जहाजाला आग लावली. परंतु ती विझवून जहाज जमैकास ओढून नेण्यात आले.

रूपांतर

जर्मनीची लांब पल्ल्याची काँडोर विमाने ताफे हेरून पाणबुड्यांना त्यांचा ठावठिकाणा कळवीत. भर समुद्रात ब्रिटनची किनाऱ्यावरील लढाऊ विमाने पोहोचत नसत. यावर उपाय म्हणून ब्लाइथ येथे या जहाजाचा वरचा भाग काढून त्यावर सुमारे १४० मीटर लांबीची धावपट्टी बसविण्यात आली. विमानांसाठी कोठार नव्हते. अमेरिकी बनावटीची मार्टलेट विमाने उघड्या धावपट्टीवरच ठेवावी लागत आणि त्यांची दुरुस्तीही तेथेच, वाऱ्यापावसात होई. जून १९४१ मध्ये नौका सेवेत दाखल झाली.

युद्धसेवा

ब्रिटन-जिब्राल्टर मार्गावर तिच्या विमानांनी अनेक काँडोर पाडली. डिसेंबर १९४१ मध्ये तिने जिब्राल्टरहून निघालेल्या एचजी ७६ या ताफ्याला साथ दिली. १७ डिसेंबर रोजी तिच्या विमानाने यू-१३१ ही पाणबुडी शोधून काढली. तिच्यावर हल्ला करताना एक मार्टलेट पाडले गेले व वैमानिक मरण पावला. मात्र संरक्षक नौकांच्या माऱ्यापुढे पाणबुडीही बुडाली.

अखेर

रात्री विमाने उडविता येत नसल्याने ऑडॅसिटी ताफ्याबाहेर जात असे. संरक्षक दलाचे प्रमुख वॉकर यांचा २१ डिसेंबरच्या रात्री यास विरोध होता. परंतु नौकेचे कप्तान मॅकेंड्रिक हुद्द्याने ज्येष्ठ असल्याने त्यांचाच निर्णय अंतिम ठरला. त्याच रात्री यू-७५१ पाणबुडीच्या पाणतीरांनी नौका बुडाली. मॅकेंड्रिक यांच्यासह ७३ जण मृत्युमुखी पडले. वैमानिक एरिक ब्राउन बचावले.

महत्त्व

एचजी ७६ मधील ३२ व्यापारी जहाजांपैकी केवळ दोन बुडाली, तर संरक्षक नौकांनी चार पाणबुड्या नष्ट केल्या. पुढे अमेरिकेत व ब्रिटनमध्ये व्यापारी जहाजांच्या सांगाड्यांवर अशा अनेक नौका तयार झाल्या. अटलांटिकच्या लढाईत पाणबुड्यांचा धोका आटोक्यात आणण्यास त्यांचे मोठे साहाय्य झाले.