कुप्याला हद्द कोण सांगणार?

महासागरात मोठमोठी राखीव क्षेत्रे आखतात, असे मी एकदा वर्गात सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, "सर, पण कुप्याला हद्द कोण सांगणार?" वर्ग हसला. मी मात्र अडखळलो. कुपा म्हणजे ज्याला इंग्रजीत टूना म्हणतात तो मासा. हजारो किलोमीटर भटकणारा. समुद्राचा एक तुकडा बंद करून त्याचे रक्षण होते का? वाचकहो, इतिहासालाच विचारू या.

मासेमारी थांबली की मासा वाढतो, हे युरोपात ठळकपणे दिसले ते एका महायुद्धामुळे. 1914 ते 1918 या काळात पाणसुरुंगांच्या आणि पाणबुड्यांच्या भीतीने उत्तर समुद्रातली मासेमारी पुष्कळशी बंद पडली. युद्धानंतर बोटी परत गेल्या, तेव्हा प्लेस नावाचे चपटे मासे पूर्वीपेक्षा मोठे नि अधिक मिळू लागले. काही वर्षांत ते पुन्हा रोडावले, ही गोष्ट निराळी. पण तिथे हद्दीचा प्रश्नच नव्हता. जवळजवळ सारा समुद्रच बंद होता.

आता शिक्षक बंधुभगिनींनी भिंतीवर जगाचा नकाशा लावावा. पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या आसपास, किरिबाटी हा देश सापडेल. (तिथले लोक उच्चार 'किरिबास' असा करतात.) जमीन अवघी 811 चौरस किलोमीटर, हक्काचा समुद्र मात्र सुमारे 35 लाख. परदेशी जहाजांना मासेमारीचे परवाने विकायचे, हीच मोठी मिळकत. अशा देशाने फिनिक्स बेटांभोवतीचा 4,08,250 चौरस किलोमीटर समुद्र, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून मोठा टापू, राखून ठेवला! 2010 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला आणि 1 जानेवारी 2015 पासून तिथली व्यापारी मासेमारी बंद झाली.

मौज अशी की, बंदी येणार हे कळताच जहाजांनी तिथेच झुंबड केली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे बंदीपूर्वी तिथली मासेमारी दुपटीहून अधिक झाली. बंदीचा सुमारे दीड वर्षाचा लाभ असा आधीच खाऊन टाकला गेला. बंदी आल्यावर तीच जहाजे शेजारच्या पाण्यात गेली. कुपा हद्दीबाहेर आला की जाळ्यात! अशा क्षेत्रांमुळे तिथल्या कुप्यांच्या एकूण साठ्यात फारच थोडा फरक पडतो, असे 2023 च्या एका अभ्यासात गणिताने मांडले आहे. तत्पूर्वीच, नोव्हेंबर 2021 मध्ये, किरिबाटी सरकारने बंदी उठवण्याचा निर्णय जाहीर केला होता. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याचे घर परवान्यांवर चालते, त्याने जगासाठी उपास किती दिवस करायचा?

मग सारे फुकट का? तसेही नाही. हवाई बेटांजवळचे अमेरिकेचे राखीव क्षेत्र 2006 साली झाले आणि 2016 मध्ये सुमारे 15 लाख चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले. 2022 च्या अभ्यासात असे आढळले की, त्याच्या हद्दीलगत पिवळ्या परांचा कुपा 54 टक्के अधिक मिळू लागला. मोठ्या डोळ्यांचा कुपा 12 टक्के. हवाईजवळचा पिवळ्या परांचा कुपा बराचसा त्याच भागात वावरतो, असे संशोधक म्हणतात. म्हणजे सारेच कुपे सारखे भटके नाहीत.

मला वाटते, नुसता टापू केवढा हे मोजून भागणार नाही. बोटी किती, हेही मोजले पाहिजे. आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत, त्या सगळ्यांच्याच. शेजारच्या पाण्यात जायची सोयच नव्हती. किरिबाटी आणि तिचे शेजारी आज असेच काहीसे करू पाहतात. मोठ्या जाळ्यांच्या जहाजांना ते मासेमारीचे दिवस मोजून विकतात. यांच्या पाण्यात जाळे टाकले की दिवस खर्ची पडतो, मग ते हद्दीच्या अलीकडे टाका की पलीकडे.