वारसाचा न्याय: तिसगावच्या परिसरातील वारसाहक्क आणि न्यायदानाचा इतिहास

शेतकरी कुटुंबातील कर्ता पुरुष निवर्तल्यानंतर उभ्या राहणाऱ्या वादात तीन प्रश्न नेहमी एकत्र येतात: वारस कोण, प्रत्येकाचा हिस्सा किती आणि हे दोन्ही कोणापुढे सिद्ध करायचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे धर्मशास्त्राने, रूढीने आणि पुढे कायद्याने दिली. परंतु अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील, करंजी घाटापलीकडच्या तिसगावसारख्या गावाच्या दृष्टीने पाहिले, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राजवटीगणिक बदलत गेले आणि पहिल्या दोन उत्तरांना प्रत्यक्षात किती किंमत राहील, हेही त्यावरच ठरत आले. म्हणून या भागातील वारसाहक्काचा इतिहास हा कायद्याच्या तत्त्वांइतकाच न्याय मागण्याच्या जागांचा आणि तिथे पोहोचण्यासाठी मिळणाऱ्या साहाय्याचा इतिहास आहे.

निजामशाही, मोगलाई आणि पेशवाई अशा राजवटी या मुलखाने पाहिल्या, तरी गावपातळीवरील वारसाचे वाद मिटवण्याची पद्धत बराच काळ स्थिर राहिली. पाटीलकी, कुलकर्ण, बलुतेदारी ही वतने, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारे हक्क, हीच कुटुंबाची मुख्य मिळकत असे आणि त्यांचा तंटा गोतसभेपुढे येत असे. गोतसभा म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, भाऊबंद आणि प्रसंगी परगण्याचे देशमुख-देशपांडे यांची न्यायसभा होय. वादी आणि प्रतिवादी यांच्याकडून निवाडा मान्य करण्याबद्दल जामीन घेतले जात, दोघांच्या तकरिरी म्हणजे लेखी कैफियती नोंदवल्या जात, जुनी कागदपत्रे आणि साक्षी तपासल्या जात आणि शेवटी महजर, म्हणजे सभेच्या साक्षीने झालेला निवाडापत्राचा दस्त, तयार होई. अक्षरओळख नसलेले सभासद त्यावर आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत, आणि पाटलाची निशाणी नांगर ही असे. हरलेल्या पक्षाकडून येजितखत, म्हणजे पराभव मान्य केल्याचे पत्र, लिहून घेतले जाई, तर सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी नावाची रक्कम आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी नावाचा दंड वसूल करी. न्याय फुकट मिळत नव्हता. पण तो गावाच्या ओळखीच्या माणसांपुढे, गावाच्या भाषेत आणि पंचक्रोशीत मिळत होता. त्याची उणीवही तितकीच स्पष्ट होती. ज्या भाऊबंदांशी विधवेचा किंवा मुलीचा वाद असे, तेच भाऊबंद न्यायसभेत बसलेले असत.

शास्त्रार्थाची गरज पडली की दृष्टी गोदाकाठच्या पैठणकडे वळे, कारण तेथील ब्रह्मसभेच्या निर्णयांना दूरवर मान होता. याच पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रात सामान्यतः विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’ला अग्रमान होता, तथापि पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि खानदेश या भागांत मयूखाचे प्रामाण्य मिताक्षरेच्या जवळजवळ बरोबरीचे आहे, असे पुढे इंग्रजी न्यायालयांनीही मानले. ही बाब केवळ पांडित्याची नाही. बहिणीसारख्या स्त्री नातलगांना वारसांच्या क्रमात स्थान देण्याबाबत मयूख आणि त्यावर उभी राहिलेली मुंबईची परंपरा बंगाल किंवा मद्रासच्या परंपरेपेक्षा उदार होती. पतीची स्पष्ट परवानगी नसतानाही विधवेला दत्तक घेता येतो, हा नियमही मराठी मुलखात रूढ होता, आणि दत्तकाच्या विधीवरून उद्भवलेल्या वादांनी पुढे न्यायालयांचे पुष्कळ काम व्यापले.

पेशवाईच्या अखेरीनंतर 1818 मध्ये हा प्रदेश कंपनी सरकारकडे आला, तेव्हा कंपनीचे अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पंचायतीची पद्धत शक्य तितकी चालू ठेवण्याचे धोरण आखले. परंतु पंच वेळेवर जमत नसत, जमले तरी निकाल देण्यास कचरत, आणि निकालाची अंमलबजावणी करणारी जुनी सत्ता उरली नव्हती. दख्खनमधील जातींच्या रूढी नोंदवण्याचे काम आर्थर स्टील यांच्याकडे सोपवण्यात आले आणि त्यांचा संग्रह 1827 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने आपल्या विनियमांची संहिता लागू केली. सभेत बोलून आणि वाकवून घेतलेली रूढी आता छापील पानावर स्थिर झाली, निवाडा देणारा न्यायाधीश बाहेरचा झाला आणि पक्षकाराच्या वतीने बोलण्यासाठी सनद असलेला वकील आवश्यक ठरू लागला.

या संहितेतील 1827 चा आठवा विनियम वारसाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मयताचा वारस म्हणून औपचारिक मान्यता हवी असणाऱ्याने जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा, न्यायालयाने जाहीरनामा काढून हरकत घेणाऱ्यांना एका महिन्याची मुदत द्यावी आणि हरकत न आल्यास किंवा ती फेटाळली गेल्यास वारस दाखला द्यावा, अशी ही व्यवस्था होती. हा दाखला मालकीचा अखेरचा निवाडा नसतो. ज्याचा हक्क अधिक चांगला आहे, त्याला नंतरही दावा लावता येतो. मयताची येणी व रोखे वसूल करण्यासाठी 1889 च्या आणि पुढे 1925 च्या कायद्याने दिलेले उत्तराधिकार प्रमाणपत्र यापेक्षा वेगळे आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या या विनियमाखाली महाराष्ट्रातील न्यायालये अजूनही वारस दाखले देतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची तरतूद सामान्य कुटुंबाच्या रोजच्या व्यवहारात इतकी टिकून राहिल्याची उदाहरणे थोडी आहेत.

आजचा पाथर्डी तालुका तेव्हा बव्हंशी शेवगाव तालुक्यात मोडत असे. पर्जन्यछायेतील या कोरडवाहू मुलखात जमिनीचे उत्पन्न अनिश्चित होते, आणि दाव्याचा मुद्रांक, वकिलाची फी व जाण्यायेण्याचा खर्च भागवण्यासाठी शेतकरी सावकाराकडे जाई, त्यामुळे वाटणीसाठी लढलेला दावा कधी कधी वाटणीची जमीनच गहाण टाकून संपे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत 1875 मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाल्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्याचा मुख्य रोख कर्जावर असला, तरी त्याने गावमुन्सफ, दस्त नोंदवणारा ग्रामनिबंधक आणि तडजोड घडवणारा मध्यस्थ अशी तीन पदे खेड्याजवळ आणली. पक्षकारांपैकी एक जरी शेतकरी असला, तरी मध्यस्थाचा दाखला घेतल्याशिवाय दावा दाखल होत नसे. कायद्याचे साहाय्य पक्षकाराच्या जवळ नेण्याचा या भागातील हा पहिला सरकारी प्रयत्न म्हणता येईल.

त्याच काळात स्त्रियांच्या हक्काबाबत दोन परस्परविरुद्ध प्रवाह एकाच वेळी वाहत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ‘भागीरथीबाई विरुद्ध कान्हूजीराव’ या खटल्यात, वडिलांकडून वारसाने मिळालेल्या मिळकतीवर मुलीची मालकी संपूर्ण असते, केवळ हयातीपुरती नव्हे, असे ठरवले. अर्थात मुलगा, नातू, पणतू आणि विधवा यांच्या अभावीच तिची पाळी येत असे. याउलट, 1874 च्या वतन कायद्यात 1886 मध्ये केलेल्या दुरुस्तीने अखेरच्या मालकाची विधवा वगळता वतनदार घराण्यातील सर्व स्त्रियांना आणि त्यांच्या द्वारे हक्क सांगणाऱ्यांना घराण्यातील सर्व पुरुषांच्या मागे ढकलले. ज्या गावात सर्वांत मोलाची जमीन वतनाची होती, तिथे न्यायालयाने उघडलेली वाट विधिमंडळाने बंद केली होती. स्वातंत्र्योत्तर काळात वतने टप्प्याटप्प्याने रद्द झाल्यानंतरच हा अडसर दूर झाला.

विसाव्या शतकात न्यायाचे केंद्र हळूहळू कागदाकडे सरकले. मुंबई सरकारने 1903 मध्ये हक्कनोंदणीचा कायदा केला आणि जमिनीतील हक्कांचे बदल गावच्या दप्तरात उतरू लागले. आजच्या व्यवस्थेत, म्हणजे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली, वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते, तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद धरून संबंधितांना नोटीस देतो, हरकत आल्यास ती वेगळ्या नोंदवहीत जाते आणि अधिकाऱ्याने चौकशीअंती नोंद प्रमाणित केल्यावर नावे सात-बाऱ्यावर चढतात. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने ती नष्टही होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. तरीही पीककर्ज, अनुदान, विक्री आणि भूसंपादनाचा मोबदला हे सारे सात-बाऱ्यावरील नावावर चालत असल्याने, व्यवहारात त्या नोंदीलाच निवाड्याचे वजन आले. वर्दी देणारा बहुधा थोरला मुलगा असे, आणि बहिणीचे नाव वगळले गेले किंवा तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले गेले, तर तिचा हक्क कायद्यात जिवंत आणि दप्तरात अदृश्य राही.

मृत्युपत्राची वाट खेड्यात उशिरा रुळली. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने दिलेले प्रमाण होय. ते सक्तीचे करणारी तरतूद मुंबई इलाख्यापुरती मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मिळकतीविषयीच्या मृत्युपत्रांना लागू होती, त्यामुळे तिसगावच्या जमिनीचे मृत्युपत्र गावीच केलेले असल्यास प्रोबेटची सक्ती नव्हती. 1 जानेवारी 1927 पासूनच्या हिंदू मृत्युपत्रांना दोन साक्षीदारांची अट लागू झाली, तर नोंदणी मात्र ऐच्छिकच राहिली. परिणामी मृत्युपत्र खरे की बनावट, हा प्रश्न आधी महसुली अधिकाऱ्यापुढे आणि मग दिवाणी न्यायालयापुढे, असा दोनदा लढवला जाऊ लागला.

तत्त्वांच्या पातळीवरील मोठा पालट मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून झाला. हिंदू विधवेला मुलाइतका हिस्सा देणारा 1937 चा केंद्रीय कायदा शेतजमिनीला लागू नसल्याचे फेडरल न्यायालयाने 1941 मध्ये ठरवले, म्हणजे ज्या मिळकतीवर खेडे जगते तीच त्यातून वगळली गेली, आणि ती उणीव प्रांताला स्वतंत्र कायद्याने भरून काढावी लागली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 मध्ये आला आणि स्त्रीच्या मर्यादित मालकीचे त्याने पूर्ण मालकीत रूपांतर केले. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध सहदायाद, म्हणजे मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार केले, परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपवला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी ‘विनीता शर्मा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, 2005 ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अटही नाकारली.

हक्क असा पूर्ण झाला, तेव्हा साहाय्याचा प्रश्न अधिक ठळक झाला. पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात, त्यामुळे नोटिशीची मुदत किंवा न्यायालयाची तारीख त्यांच्या गैरहजेरीत टळून जाण्याचा धोका असतो. अशांसाठी आणि सर्वच स्त्रियांसाठी दोन तरतुदी मोलाच्या आहेत. राज्य सरकारच्या 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने स्त्री पक्षकारांना मिळकतीच्या वादात न्यायालयीन शुल्कातून सूट दिली, आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आलेल्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अल्प उत्पन्नाच्या नागरिकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला. स्त्रीच्या बाबतीत तिचे उत्पन्न पाहिले जात नाही. याच कायद्याखालील लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलात येते व तिच्यावर अपील नसते.

गोतसभेत भाऊबंदांचा शब्द निर्णायक होता. लोकअदालतीत बहिणीची सही झाल्याशिवाय तिच्या हिश्शाची तडजोड होत नाही. या परिसराच्या वारसाहक्काच्या इतिहासातील सर्वांत मोठी प्रगती हीच आहे, आणि ती कागदावर राहू नये, ही आजच्या पिढीची जबाबदारी आहे. घरात मृत्यू झाल्यावर वारसनोंदीची वर्दी सर्व वारसांच्या नावांनिशी मुदतीत द्यावी, विधवेने आणि मुलींनी आपले नाव फेरफारात आहे की नाही हे स्वतः तपासावे, हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि वाटणी शक्यतो नोंदणीकृत दस्ताने करावी. एवढे प्रत्येक कुटुंबाने केले, तर पुढच्या पिढीचे कितीतरी दावे उभेच राहणार नाहीत.