पाडव्याची पैज आणि मेरूप्रस्तार

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो. जुन्या ग्रंथांतले तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. वडीलधाऱ्यांच्या देखत डाव मांडायची ही मोकळीक! तेव्हा वाचकहो, एक पैज लावू. चार नाणी उडवायची. दोन छापे नि दोन काटे पडले तर डाव तुमचा. तीन एका बाजूची नि एक दुसऱ्या बाजूचे पडले तर माझा. नांदेडला वर्गात मी हे विचारतो तेव्हा मुले हटकून दोन-दोन मागतात. “गुरुजी, निम्मे-निम्मेच जास्त पडणार की!”

याचा निवाडा ज्या विद्येत आहे तिचे आपल्या मुलुखाशी जुने नाते आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. त्यांच्यातल्या अमोघवर्षाच्या काळी, इ. स. 850 च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अनेक वस्तूंतून काही निवडण्याचे प्रकार किती, याचा नियम दिला. पुढे दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवर टीका लिहिली. ‘कविरहस्या’त राष्ट्रकूट कृष्णराजाला गौरवणारा हलायुध तो हाच, असे समजतात.

छंदःशास्त्र्यांची रीत साधी. गुरू-लघूंची होतील तितकी रूपे एकाखाली एक मांडायची, एकही गाळायचे नाही. हा प्रस्तार. चार अक्षरांच्या ओळी होतात 16. त्यांत गुरू किती, यावरून वाटणी केली की हलायुधाच्या मेरूची पायरी मिळते : 1, 4, 6, 4, 1. आता गुरूला छापा म्हणा नि लघूला काटा. दोन-दोनच्या ओळी 6. तीन छाप्यांच्या 4, तीन काट्यांच्या 4, मिळून 8. डाव माझा!

मुलांना हसू नये. फ्रान्सचा द’अलांबेर केवढा गणिती! नाणे दोनदा उडवून निदान एक छापा पडण्याचा संभव त्याने 1754 साली विश्वकोशात दोन-तृतीयांश सांगितला. पहिल्याच फेकीला छापा पडला की खेळ संपला, म्हणून त्याने तीनच प्रकार धरले. प्रस्तार मांडला असता तर चार ओळी दिसत्या, तिन्हींत छापा असता आणि उत्तर तीन-चतुर्थांश येते.

मात्र ही पैज कवड्यांवर लावू नका. कवडी उताणी नि पालथी सारखीच पडेल असा भरवसा नाही, आणि मग सोळा ओळींचे वजन सारखे राहत नाही. नाणीच घ्या.