फूल रंग पितं, सुती कापड तो का सोडतं? जुन्नर-आंबेगावचा हिरडा आणि रंगांचं विज्ञान

पांढऱ्या गुलछडीचा दांडा खाण्याच्या निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवला, की काही तासांत पाकळ्यांच्या कडा निळ्या होऊ लागतात. तोच रंग सुती रुमालावर सांडला, तर दोन-चार धुण्यांत बराचसा निघून जातो. असं का होतं?

फुलात रंग चढतो कसा?

पाकळ्या-पानांतून पाण्याची वाफ होते आणि दांड्यातल्या बारीक नळ्या खालचं पाणी वर ओढतात. पाण्यात विरघळलेला रंगही सोबत जातो. पाणी उडून जातं, रंग पाकळीत उरतो.

मग मुळाशी रंग ओतला तर टोमॅटो लाल होईल?

नाही. कापलेला दांडा उघडा असतो, पण जिवंत मुळांच्या आतला थर बराचसा रंग अडवतो. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा असतो. तो फळ पिकताना झाड स्वतःच तयार करतं. तापमान 30 अंशांच्या वर राहिलं, की लायकोपीन कमी बनतं आणि फळ पिवळसर-नारिंगी दिसतं. म्हणजे फिका टोमॅटो भेसळीचा पुरावा नाही. ताज्या फळभाज्यांना कृत्रिम रंग लावायला मात्र कायद्याने परवानगी नाही. भारतात 8 कृत्रिम खाद्यरंगांना मान्यता आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच.

लोकर रंगते, सूत का नाही?

लोकर आणि रेशीम प्रथिनांचे असतात. पाण्यात व्हिनेगर घालून गरम केलं, की या धाग्यांवर धन विद्युतभार येतो. बहुतेक कृत्रिम खाद्यरंगांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते धाग्याला घट्ट चिकटतात. आपली त्वचाही प्रथिनांची, म्हणून बोटांना लागलेला रंग लगेच जात नाही. सूत मात्र सेल्युलोजचं असतं. तिथे या रंगाला धरायला जागाच मिळत नाही.

इथे हिरडा कुठून आला?

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगररांगांत हिरड्याची झाडं आहेत. महादेव कोळी कुटुंबं कोवळी फळं गोळा करून उन्हात वाळवतात. हाच बाळहिरडा. औषधासाठी तो सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातलं टॅनिन रंगाऱ्यांच्याही कामाचं आहे.

टॅनिन सुताला चिकटतं. त्यावर तुरटी दिली, की तुरटीतला धातू टॅनिनला धरतो आणि मंजिष्ठेसारखा वनस्पतीचा रंग त्या धातूला. अशी साखळी तयार झाली, की रंग धुण्यात टिकतो. आंध्रातल्या कलमकारीचं कापडही आधी हिरड्यात भिजवतात.

नुसता हिरडाही रंग देतो:
- तुरटीसोबत फिकट पिवळा
- लोखंडासोबत करडा ते काळा

याचं महत्त्व काय?

डोंगरातल्या अनेक कुटुंबांसाठी हिरडा म्हणजे वर्षातली हक्काची रोख कमाई. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना आंदोलनं करावी लागली. हिरड्याचं झाड फळावर यायला अनेक वर्षं लागतात. त्यामुळे एक झाड पडलं, तर त्या घराचं उत्पन्न पुढची कित्येक वर्षं घटतं.