अडीच-अठरा

मोटरसायकलच्या टायरवर बाजूला काही आकडे उठवलेले असतात. २.५०-१८. २.७५-१८. ३.२५-१९. त्याच्या आसपास कुठेतरी बारीक अक्षरांत ४ पीआर, ६ पीआर, किंवा ४८पी असं काहीतरी. टायर बदलायची वेळ येईपर्यंत हे आकडे कुणी वाचत नाही, आणि वेळ आल्यावरही बहुतेकजण पहिलाच आकडा वाचतात. जुन्या गाडीसाठी टायर शोधताना मात्र ते सगळे वाचावे लागतात. वाचता वाचता लक्षात येतं की ते एका वेळी लिहिलेले नाहीत. प्रत्येक आकडा वेगळ्या काळातून आलाय आणि त्यातल्या एकाचा तर आमच्या बीडच्या पिकाशी संबंध आहे.

निमित्त झालं मामांच्या गाडीचं. माझे मामा केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. त्यांच्याकडे यामाहाची आरएक्स १०० आहे, नव्वदच्या दशकात जुनी म्हणून घेतलेली. धारूरचा घाट उतरून शाळा आणि घाट चढून घर, अशी तिची कित्येक वर्षं गेली. आता ती रोज चालत नाही. शेतावर, तालुक्याला, कधी मामीला घेऊन अंबाजोगाईला, एवढंच. पण टायर रबराचा असतो आणि रबर उभ्या गाडीवरही म्हातारं होतं. दोन्ही टायरांना बारीक भेगा पडल्या होत्या. मी पुण्याहून सुट्टीला आलो तेव्हा मामा म्हणाले, "तू इंजिनियर हायस ना, मग बघ की कोणता टायर बसतो ते." मी सॉफ्टवेअरवाला आहे हे त्यांना माहीत आहे, पण आमच्याकडे इंजिनियर म्हणजे इंजिनियर.

आरएक्स १०० ला कंपनीने दिलेलं माप पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८. आमच्याकडचे जुने मेस्त्री याला 'अडीच-अठरा' आणि 'पावणेतीन-अठरा' म्हणतात. बुलेटचा 'सव्वातीन-एकोणीस'. इंच पाव-पावाने वाढत जातात आणि मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, अडीच यांना स्वतःचे शब्द आहेत, त्यामुळे ही इंग्रजी मापं आपल्या तोंडात चपखल बसली. ज्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केली, तिला २.७५ वाचायला दशांश चिन्हाची गरज नव्हती.

आता या आकड्यांचं वय पाहू. सगळ्यांत पक्का आकडा दुसरा, म्हणजे अठरा. हवेचा टायर पहिल्यांदा स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली पेटंट केला, पण तेव्हा तो लावायला ना सायकल होती ना मोटर, त्यामुळे लोक विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो पुन्हा शोधला. खरी अडचण होती टायर चाकावर टिकवायची. सुरुवातीला तो चिकटवत आणि कापडाने बांधत, पंक्चर निघालं की सगळं उसवायचं. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणली जाणारी तार घालायची युक्ती काढली. आजही दुकानदार लोखंडी पट्टीने टायर चढवतो तेव्हा जी कडक कड रिमवरून सरकवताना घाम फुटतो, ती हीच तार.

तार ताणली जात नाही, म्हणून तिच्या कड्याचा व्यास आणि रिमचा व्यास एकच असावा लागतो. 'अठरा' म्हणजे तो व्यास, इंचांत. इथे तडजोड नाही. टीव्हीएस एक्सएलचा टायर २.५०-१६ असतो. आडदांड खेड्यांतून एक्सएल भरपूर, त्यामुळे नुसतं 'अडीचचा द्या' म्हटलं की हमखास तोच समोर येतो. रुंदी तीच, पण आरएक्सला त्याचा काडीचा उपयोग नाही. जावाचे मालक या बाबतीत सगळ्यांत दुःखी. १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात तयार झालेल्या जुन्या जावाला ३.२५-१६ लागतो. सव्वातीनचा टायर बुलेटमुळे मिळतो, पण एकोणीसचा. सोळाच्या रिमवर तो कुठल्याही मेस्त्रीला बसवता येणार नाही.

पहिला आकडा, रुंदीचा, त्यामानाने लवचिक. आणि सगळे घोळ इथेच होतात, कारण मध्ये मोजमापाची भाषा बदलली. आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले. टायर मात्र इंचांतच राहिले. याचं नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं आणि बांधावरचं भांडण अजून एकर-गुंठ्यांतच होतं. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट इंची टायरवर आली, आणि १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने आलेल्या शंभर सीसीच्या गाड्याही. त्या वेळी जपान स्वतः मेट्रिक होता, पण मोटरसायकलचा टायर जगभर इंचांत बोलत होता.

मग नवी पद्धत आली. ९०/९०-१९ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, आणि रिम १९ इंच. म्हणजे नव्या भाषेतही रिम इंचातच! वेल्चच्या तारेपुढे मेट्रिकनेही हात टेकले. २००१ साली बाजारात आलेल्या पहिल्या पल्सरचे टायर पाहा: पुढे २.७५-१८ आणि मागे १००/९०-१८. एकाच गाडीचं पुढचं चाक इंचात आणि मागचं मिलिमीटरमध्ये.

दोन भाषांत भाषांतर करता येतं. जुन्या इंची टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरतात. बुलेटचा सव्वातीन-एकोणीस घेऊ. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, त्यात वर-खाली सव्वातीन इंच मिळवले की चाकाचा एकूण व्यास ६४८ मिलिमीटर येतो. ९०/९०-१९ चा हिशोब केला तर ६४५. फरक तीन मिलिमीटर. म्हणून पुढे क्लासिक ३५० ला पुढच्या चाकात ९०/९०-१९ आला, तेव्हा जुन्या बुलेटवाल्यांनाही तो चालला.

आता पावणेतीन-अठरा. व्यास येतो ५९७. दुकानात त्याच्याऐवजी हातात पडतो ८०/१००-१८, कारण स्प्लेंडरला पूर्वी २.७५-१८ असायचा आणि आता ८०/१००-१८ असतो, आणि बीड जिल्ह्यात कुठल्याही गावच्या पारावर उभ्या असलेल्या गाड्यांत स्प्लेंडर जास्त. पण त्याचा कागदावरचा व्यास ६१७ येतो, म्हणजे वीस मिलिमीटर जास्त. ८०/९०-१८ चा ६०१, तो खूप जवळचा. प्रत्यक्षात कंपनीगणिक दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण दिशा कळते. स्प्लेंडरला ८०/१०० बसतो, कारण तिच्या कंपनीने चिमटा, मडगार्ड, चेनची जागा त्याप्रमाणे पाहून दिली. त्यावरून आरएक्सला बसेल हे सिद्ध होत नाही. आमच्या कामात नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर चालेल असं गृहीत धरत नाहीत, चालवून बघतात. इथेही चेनगार्ड आणि टायर यांच्यात बोट जातं का ते बघावं लागतं, मागे दोघं बसल्यावर टायर मडगार्डला आतून घासतो का तेही.

केजच्या दुकानात सल्ला मिळाला तो वेगळाच. "गुरुजी, पुढं पावणेतीन टाका आन् मागं तीन-अठरा. गाडी भरून दिसते." मामांनाही तो पटत चालला होता. गाडी भरून दिसते हे खरंच. पण आरएक्सचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो. पुढे अडीचऐवजी पावणेतीन टाकला की चाक साधारण दोन टक्क्यांनी मोठं होतं आणि काटा तेवढा कमी दाखवतो. हे चालून जाईल. न चालणारी गोष्ट रिमची. रिमलाही रुंदी असते, १.६० किंवा १.८५ असा आकडा तिच्यावर ठोकलेला असतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचे गाल आत ओढले जातात आणि टायर फुग्यासारखा गोल होतो. सरळ रस्त्यावर कळत नाही. घाटाच्या वळणावर गाडी कलली की ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी वागते.

आता तिसरा आकडा, ज्याबद्दल दुकानात कुणीच बोललं नाही. ४ पीआर, ६ पीआर. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, थरांची मोजणी. पण थर कशाचे? कापसाचे. नुसतं रबर हवेचा दाब सहन करत नाही, ते फुगत जातं. ताकद असते रबरात गाडलेल्या धाग्यांची. सुरुवातीला साधं विणलेलं सुती कापड वापरत. त्यातले उभे-आडवे धागे एकमेकांना घासून तुटत, म्हणून पुढे एकाच दिशेने समांतर धागे असलेले थर एकमेकांवर तिरपे रचू लागले. जितके थर जास्त तितका भार जास्त. चार थरांचा टायर, सहा थरांचा टायर. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आधी रेयॉन आणि मग नायलॉन आलं. नायलॉनचे दोन थर सुताच्या चारांचं काम करू लागले. पण लोकांना आकडे पाठ झाले होते, म्हणून 'सुताचे सहा थर जेवढं ओझं उचलतील तेवढं हा उचलतो' या अर्थाने ६ पीआर राहिला. एमआरएफच्या 'नायलोग्रिप' या नावात नायलॉन आहे आणि त्याच टायरच्या पीआरमध्ये कापूस.

गेवराई, माजलगाव, वडवणी भागात पांढरं सोनं पिकवणाऱ्या माणसाच्या गाडीखाली कापसाची ही आठवण फिरत असते. धागा उरला नाही, त्याचं वजन उचलण्याचं माप उरलं.

आजकाल पीआरच्या जोडीला भारांक लिहितात. ४२पी म्हणजे एका टायरवर १५० किलो, ४८पी म्हणजे १८० किलो. शेवटचा 'पी' वेगाचा, ताशी १५० किलोमीटर. पावणेतीन-अठरा या एकाच मापात हे दोन्ही टायर मिळतात. बाजूबाजूला ठेवले तर सारखेच दिसतात. चार पीआरचा सहसा पुढच्या चाकासाठी असतो आणि स्वस्त पडतो. फरक तीस किलोचा. शहरात एकटा माणूस लॅपटॉपची पिशवी घेऊन जातो, त्याला तो कळणारही नाही. आमच्याकडे गाडीवर नवरा, बायको, मध्ये लेकरू आणि टाकीवर ४५ किलोची युरियाची गोणी असते. ऊसतोडीच्या हंगामात अख्खा संसार गाडीला बांधून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. बीड शहरात रेल्वे पोहोचायला २०२५ साल उजाडलं. तोवर जे काही वाहायचं ते रस्त्यानेच, आणि ज्याच्या घरी दुसरं काही नाही त्याने दुचाकीवरच वाहिलं. त्यातले कित्येक रस्ते १९७२ च्या दुष्काळात इथल्याच माणसांनी खडी फोडून केलेले. अशा रस्त्यावर, अशा ओझ्याखाली, ते तीस किलो म्हणजे टायर घाटात टिकणं आणि फुटणं यातलं अंतर असू शकतं.

म्हणून मला वाटतं, टायर निवडताना लोक पहिल्या आकड्यावर जो वेळ घालवतात तो चुकीच्या जागी जातो. जाड दिसणारा तीन-अठरा चार पीआरमध्ये घेण्यापेक्षा गाडीचा मूळचा पावणेतीन-अठरा सहा पीआरमध्ये घेणं शहाणपणाचं. दिसायला तो बारीक, पण ओझं त्याच्या हिशोबातलं. मामांना हे मी युरियाच्या गोणीच्या भाषेत सांगितलं, तेव्हा त्यांनी दुकानदाराला मागचा टायर परत आत ठेवायला लावला आणि सहावाला काढायला सांगितला. पुढचा अडीच-अठरा तिथे नव्हता, तो आठवड्याने बीडहून आला.

मापं जुळली की आणखी एक आकडा बघावा, चार अंकांचा. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ज्या मापाला गिऱ्हाईक कमी ते दुकानात पडून राहतं, त्यामुळे जुन्या गाडीवाल्याला 'नवा' टायर बऱ्याचदा जुनाच मिळतो. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या टायरची नक्षी निदान ०.८ मिलिमीटर खोल असावी असं म्हटलंय. पडून राहिलेल्या टायरची नक्षी पूर्ण असते, नियमात तो बसतो, पण रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघितलं तरी कळतं.

तर वाचायचा क्रम उलटा ठेवावा. आधी तारीख, मग भार, मग रिम, आणि सगळ्यांत शेवटी रुंदी. दुकानदार थोडा वैतागतो. पण टायरवर हे सगळं वाचता येईल असं उठवून ठेवलेलं असतं, आणि गाडीवर मागे कोण बसणार आहे हे दुकानदारापेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं.