फैजींची हस्तलिखितं

१९५७ साली मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला इस्माईली पंथाच्या सुमारे दोनशे हस्तलिखितांची भेट मिळाली. देणारे होते आसफ अली असगर फैजी. इस्लामच्या विद्यापीठीय अभ्यासाबद्दल आपण बोलतो तेव्हा कोण कुठे शिकायला गेलं, कुणाला कुठली शिष्यवृत्ती मिळाली, याचाच हिशेब मांडतो. फैजींच्या बाबतीत मात्र माणसांपेक्षा पुस्तकांच्या प्रवासाकडे पाहावं लागतं.

फैजींचा जन्म १८९९ चा, माथेरानचा. घर सुलेमानी बोहरा, बद्रुद्दीन तय्यबजींच्या गोतावळ्यातलं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून ते केंब्रिजला गेले. तिथे कायद्याबरोबर अरबी-फारसीचाही अभ्यास केला आणि परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. १९३८ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं १९४९ चं इंग्रजी पुस्तक पुढे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी वापरलं.

पण ज्या ग्रंथांवर त्यांचा जीव होता ते वर्गात नव्हते. इस्माईलींनी शतकानुशतकं छळ सोसला होता. त्यामुळे त्यांचं धार्मिक वाङ्मय शपथ घेतलेल्या शिष्यालाच, तेही पायरीपायरीने, शिकवलं जाई. ते आधी येमेनमध्ये आणि मग गुजरातेत नकलून जपलं गेलं, घराण्यांच्या पेट्यांत राहिलं. परिणामी युरोपातल्या विद्वानांना इस्माईली बराच काळ माहीत होते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या मजकुरावरून. एखाद्या समाजाची ओळख त्याच्या प्रतिपक्षाच्या कागदपत्रांवरून ठरावी, यापरता अन्याय अभ्यासात दुसरा नाही.

हे बदललं ते १९३० च्या सुमारास. हुसेन हमदानींनी घराण्याच्या संग्रहाच्या आधारे लंडनमध्ये संशोधन केलं. त्याच सुमारास व्लादिमिर इव्हानोव मुंबईला आले. मी राहतो त्या जामुल-भिलाईच्या पट्ट्यात रशियन माणूस म्हटला की १९५५ चा करार आणि पोलाद कारखानाच आठवतो. इव्हानोव त्याच्या किती तरी आधीचे. क्रांतीच्या धामधुमीत रशिया सोडून ते आधी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हस्तलिखितांच्या सूची करत होते. १९३३ मध्ये त्यांनी इस्माईली ग्रंथांची मार्गदर्शक सूची छापली. त्याच वर्षी मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन उभी राहिली. तिच्या संस्थापकांत इव्हानोवही होते आणि फैजीही. एकाला यादी करण्याची शिस्त ठाऊक होती, दुसऱ्याला पेट्या कुठे आहेत ते. ही खरी देवाणघेवाण.

तिचं सर्वांत मोठं फळ म्हणजे ‘दआइम अल-इस्लाम’. काझी नुअमान यांचा दहाव्या शतकातला हा ग्रंथ म्हणजे फातिमी राजवटीचं कायद्याचं पुस्तक. काझी ९७४ मध्ये कैरोत वारले. पुढे ती राजवट गेली. ग्रंथ येमेन आणि गुजरातेतल्या नकलकारांनी वाचवला. फैजी १९४९ ते १९५१ इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. त्यांनी संपादलेला मूळ अरबी पाठ १९५१ आणि १९६१ मध्ये दोन खंडांत छापला गेला, तो कैरोतच. ज्या शहरात तो कायदा म्हणून चालला, तिथे तो माथेरानात जन्मलेल्या संपादकाच्या हातून परतला.

अनुवादक म्हणून मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. या ग्रंथाचा फैजींनी केलेला इंग्रजी अनुवाद त्यांच्या हयातीत पुरा छापून निघाला नाही. १९८१ मध्ये ते गेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या इस्माईल पूनावालांनी तो ओळ न् ओळ तपासला, टीपा दिल्या आणि २००२ व २००४ मध्ये दोन खंड बाहेर आले. एका अनुवादकाचं काम दुसऱ्याने पुरं करावं, तेही पहिल्याचं नाव पुढे ठेवून, हीदेखील शिकवण्याचीच एक रीत आहे.

पेटी उघडणं निरुपद्रवी नसतं, हेही खरं. ज्याला एखादा ग्रंथ गुरुमुखातूनच घ्यायचा असतो, त्याला तो परक्याच्या टेबलावर पाहून दुखू शकतं. ते दुखणं खोटं नाही. पण बंद पेटीची किंमतही तोच समाज मोजत होता. मराठी वाचकाला इस्लामवरची चर्चा बहुधा हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळापासून, म्हणजे १९७० पासून, आठवते. धर्म आणि कायदा वेगळे ओळखावेत, असं फैजी १९६३ च्या पुस्तकात मांडत होते. त्यामागे ग्रंथ मुळातून वाचण्याचा कित्येक वर्षांचा सराव होता. सुधारणेचा वाद आणि पाठाचा अभ्यास या दोन वाटा आपण उगाच वेगळ्या धरतो.

१९६५ मध्ये मुइझ गोरियावालांनी फैजी संग्रहाची वर्णनात्मक सूची तयार केली. तेव्हापासून त्या हस्तलिखितांना क्रमांक आहेत. शपथ घेतलेला असो वा नसो, विद्यार्थ्याला क्रमांक सांगून ग्रंथ मागता येतो.